शिसं गेलं, सीट राहिली

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांची एक जमातच असते. या जमातीत दोन विषय काढले की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. पहिला विषय, अमुक गाडीचा कारखान्यातून आलेला मूळ रंग कोणता. दुसरा, अनलेडेड, म्हणजे बिनशिशाच्या, पेट्रोलनं जुन्या इंजिनाचं वाटोळं होतं की नाही. रंगात मला गती नाही. दुसऱ्या विषयात मात्र पडावंच लागलं, कारण आमच्या दारात वडिलांनी घेतलेली मार्क थ्री अँबॅसिडर उभी आहे आणि तिच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, बिडाचं आहे.

हेड बिडाचं असणं हाच सगळ्या भांडणाचा मुद्दा. देशभरातल्या पंपांवर शिसं घातलेलं पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं. त्याआधी 1 एप्रिल 1995 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारं उपकरण, लावलेल्या नव्या गाड्यांसाठी अनलेडेड मिळू लागलं होतं. म्हणजे आमच्या कोल्हापूरकडच्या लोकांना घाबरायला चांगली पाच वर्षं मिळाली. या काळात काय काय ऐकलं! कुणी टाकीत झाकणभर टू-टी ऑइल टाकायचा. कुणाच्या मेहुण्यानं परदेशातून बाटली आणलेली, तिचे थेंब मोजून घालायचे. एका गृहस्थांनी तर टाकीत शिशाचे छर्रेच सोडले होते. धातूचं शिसं पेट्रोलमध्ये विरघळत नाही, ते तळाशी नुसतं पडून राहतं, हे त्यांना कोण सांगणार? पेट्रोलमध्ये मिसळायचे ते टेट्राएथिल लेड, म्हणजे एक सेंद्रिय संयुग, एक विषारी द्रव. छर्ऱ्यांचा आणि त्याचा संबंध फक्त नावापुरता.

पण भीती अगदीच निराधार नव्हती. इंजिन तीन हजार आरपीएमवर फिरत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला दीड हजार वेळा उघडतो आणि मिटतो. सेकंदाला पंचवीस वेळा. त्यातला एक्झॉस्ट वॉल्व्ह जळत्या वायूंच्या वाटेवरच बसलेला, त्यामुळे तो लालभडक तापलेला असतो. स्प्रिंग त्याला दर वेळी सीटवर, म्हणजे तो मिटताना जिथे टेकतो त्या कडेवर, आपटते. बिडाच्या हेडमध्ये ही सीट म्हणजे वेगळा भाग नसतो, त्याच बिडात कापून काढलेली तिरपी कड असते. एवढ्या उष्णतेत तापलेलं लोखंड लोखंडावर आपटलं की दोघांची सूक्ष्म ठिपक्यांत वेल्डिंग होते. पुढच्या क्षणी वॉल्व्ह उघडतो आणि सीटचे कण उपटून घेऊन जातो. हे कण वॉल्व्हच्या तोंडाला चिकटतात, गंजून कडक होतात, आणि मग वॉल्व्ह म्हणजे सहाणच होते. सीट घासत घासत हेडमध्ये आत आत जाते.

शिसं असताना हे होत नसे. जळलेल्या शिशाचे क्षार सीटवर पातळ थर धरून बसत आणि लोखंडाला लोखंडाशी भिडू देत नसत. थर झिजला तरी पुढच्या लिटरबरोबर पुन्हा भरून निघे.

सीट बसली, म्हणजे अशी आत गेली, की काय होतं, हे आमचे मिस्त्री एका वाक्यात सांगतात. "वाजणाऱ्या टॅपेटला भिऊ नगा, गप झालेल्याला भ्या." झिजलेलं यंत्र आवाज करतं अशी आपली सर्वसाधारण समजूत, इथे उलटं आहे. सीट आत गेली की वॉल्व्ह वर सरकतो, त्याची दांडी रॉकरला, म्हणजे तिला दाबून वॉल्व्ह उघडणाऱ्या पट्टीला, जाऊन भिडते आणि मधली फट, म्हणजेच टॅपेटची फट, कमी होते. अँबॅसिडरच्या या इंजिनाला पंधरा थाऊ फट लागते, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. ती बारा झाली, आठ झाली, की टॅपेटची टकटक थांबते आणि मालक खूश होतो, गाडी काय सायलेंट झालीय बघा! फट शून्यावर आली की वॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. वॉल्व्ह आपली उष्णता मिटलेल्या अवस्थेत सीटमार्फत हेडला देत असतो, तेवढीच त्याला उसंत. ती गेली की त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं, गाडी स्लोवर मिसिंग मारायला लागते. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

गंमत अशी की वॉल्व्हच्या सीटसाठी पेट्रोलमध्ये शिसं कुणी घातलंच नव्हतं. 1921 च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीनं शोध लावला तो नॉकिंग थांबवण्यासाठी. कॉम्प्रेशन वाढवलं की इंजिनात पेट्रोल अवेळी भडकायचं, ठोके पडायचे. लिटरमागे चिमूटभर शिशाचं संयुग घातलं की ठोके बंद. फेब्रुवारी 1923 मध्ये ओहायोतल्या डेटनला ते पंपावर विकायला आलं. सीटचं रक्षण ही पुढची पन्नास वर्षं मिळालेली फुकटची सोय होती, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीची सवय लागते तशी ती इंजिन बनवणाऱ्यांनाही लागली. वेगळी कडक सीट बसवायला पैसे लागतात. पेट्रोलच जर काम करतंय तर बिडातच कापा सीट, बास.

त्या फुकटाची किंमत दुसरीकडे वसूल होत होती. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवेच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्याच राज्यात डीपवॉटरच्या कारखान्यातल्या कामगारांना हवेत नसलेले किडे उडताना दिसायचे, म्हणून त्या इमारतीला लोक फुलपाखरांचं घर म्हणत. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीनं पत्रकारांसमोर आपल्या हातांवर ते द्रव्य ओतून घेतलं, हुंगून दाखवलं, काही होत नाही म्हणाला. आदल्याच वर्षी तो स्वतः शिशाच्या विषबाधेतून बरा होण्यासाठी फ्लोरिडाला जाऊन राहिला होता. या माणसाबद्दल वाचताना मला राग येतो, आणि त्याची हुशारी पाहून थोडं थक्कही व्हायला होतं. रेफ्रिजरेटरमधला फ्रीऑन वायूही याचाच. एका माणसाच्या हातून वातावरणाला इतकं काही मिळावं!

एक साधा हिशेब मी मांडून पाहिला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये लिटरला अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त शिसं चालायचं. वडिलांची गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरायची, लिटरला दहा किलोमीटर धरा. म्हणजे वर्षाला हजार लिटर, म्हणजे अर्धा किलो शिसं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर. ते बाहेरच पडावं, इंजिनात साचू नये, म्हणून तर पेट्रोलमध्ये ब्रोमीनचं संयुगही घालत. आमच्या एका गाडीचं अर्धा किलो, आणि सगळ्या राजारामपुरीत किती गाड्या? अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांच्या रक्तात डेसिलिटरमागे सरासरी 12.8 मायक्रोग्रॅम शिसं सापडत होतं. 1991 पर्यंत ते 2.8 वर आलं. या घसरणीचं मोठं श्रेय पेट्रोलमधून शिसं काढल्याला दिलं जातं. लहान मुलांच्या मेंदूवर शिसं काय करतं हे आता वादाचं राहिलेलं नाही. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणी "ते लेडेड पेट्रोल काय होतं राव" म्हणत उसासा टाकला की मी विषय बदलतो. सीट बदलता येते.

आता परत गाड्यांकडे. मुंबईत हा प्रश्न फारसा पेटला नाही, त्याचं कारण काळीपिवळी. मुंबईची टॅक्सी म्हणजे फिएट, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, पुढे प्रीमियर पद्मिनी नावानं. तिचं हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम इतकं मऊ की त्यात सीट कापून चालतच नाही, आधीपासूनच कडक धातूची कडी ठोकून बसवावी लागते. म्हणून शिसं गेल्यावर पद्मिनीनं डोळासुद्धा मिचकावला नाही. पुढे टॅक्सी सीएनजीवर गेल्या. सीएनजी कोरडा वायू, त्यात शिसं तर नाहीच, पेट्रोलचा ओलावाही नाही, सीटला तो अनलेडेडहून कठीण. तरी या टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पर्यंत रस्त्यावर होत्या. अँबॅसिडरचं तसं नाही. तिचं 1489 सीसीचं इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, बीएमसीची, बी-सिरीज. मॉरिस ऑक्सफर्डमध्ये तेच, एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही तेच. हेड सगळीकडे बिडाचंच.

म्हणूनच इंग्रजांनी यावर डोकेफोड केली त्याचा आपल्याला उपयोग आहे. तिथे लेडेड पेट्रोल आपल्या बरोबर एक महिना आधी, 1 जानेवारी 2000 ला, सर्वसामान्य पंपांवरून गेलं. जुन्या गाड्यांसाठी एकूण विक्रीच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत ते विकायची मुभा ठेवली. जुन्या गाड्यांच्या संघटनेनं 1999 मध्ये एमआयआरए या मोटार संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत बी-सिरीजच्या धाकट्या भावावर, ए-सिरीजवर, चाचण्या घेतल्या. नुसत्या अनलेडेडवर इंजिन जोरात पळवलं की सीट भराभर बसतात हे तिथे दिसलंच. पोटॅशियम, फॉस्फरस, मँगनीज यांची काही द्रव मिश्रणं सीट वाचवतात हेही दिसलं. म्हणजे बाटलीवाले सगळेच थापाडे नव्हते. कथिलाच्या गोळ्या टाकीत सोडा म्हणणाऱ्यांवर मात्र माझा आजही भरवसा नाही.

पण त्या सगळ्या अभ्यासातला कळीचा शब्द 'जोरात' हा आहे. सीटचं बसणं आरपीएम आणि लोड यांवर ठरतं. शांत चालीत ते नगण्य असतं, वेग चढवून तासन्‌तास ठेवला की एकदम वाढतं. इंग्लंडात मोटरवेवर एमजीए ताशी सत्तर मैलांनी हाकणाऱ्याचं दुखणं खरं आहे. आमच्या अँबॅसिडरनं जन्मात काय केलं? कोल्हापूर ते पन्हाळा, कोल्हापूर ते सांगली, वर्षातून एकदा पुणं. टॉपवर साठच्या चालीला इंजिन अडीच हजारांच्या आसपास फिरणार. शिवाय आपल्याकडच्या गाड्यांचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं, कारण पेट्रोलच हलकं मिळायचं. म्हणजे शिसं गेल्यावर ऑक्टेनची, म्हणजे ठोके पडण्याचीही, अडचण नव्हती.

हे सगळं कागदावर पटलं होतं, तरी डोळ्यांनी बघायची संधी आली ती हेड गॅस्केट गेल्यावर. अनलेडेडवर बरीच वर्षं काढल्यानंतर हेड पहिल्यांदा उतरलं. मिस्त्रींनी ते उलटं करून लाकडी बाकड्यावर ठेवलं. हॅरी वेस्लेक या इंग्रज इंजिनतज्ज्ञानं आखलेले ते बदामाच्या आकाराचे चार कोनाडे, प्रत्येकात एक मोठा इनलेट वॉल्व्ह, एक लहान एक्झॉस्ट. या हेडमध्ये दोन आणि तीन नंबरच्या सिलेंडरचे एक्झॉस्ट वॉल्व्ह शेजारी शेजारी असतात आणि दोघांत मिळून एकच पोर्ट. सगळ्यात जास्त तापतात ते हेच. मिस्त्रींनी चारही एक्झॉस्टवरून बोट फिरवलं, मलाही फिरवायला लावलं. एक आणि चार जवळजवळ सपाट. दोन आणि तीनला नखाला जाणवेल एवढी पायरी. बास, एवढंच.

"गाडी कवा पळवलीसा काय?" मिस्त्री म्हणाले. "मग सीट कशी बसंल?"

आयुष्यभर सावकाश गाडी चालवल्याबद्दल वडिलांनी आईचे टोमणे खाल्ले. त्याचं असं सर्टिफिकेट मिळेल असं त्यांना वाटलं नसणार.

तरी हेड उतरलंच आहे तर एक्झॉस्टच्या चार कडक सीट बसवून घ्यायचं ठरलं. यात मी आग्रही आहे. फक्त सीटसाठी हेड खोलू नये, पण दुसऱ्या कशासाठी खोललं तर सीट बसवल्याशिवाय लावू नये. काम शिवाजी उद्यमनगरात दिलं. या भागात लेथवर हात बसलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि अशा कामात मशिनपेक्षा हात महत्त्वाचा. जुनी कड कापून गोल खाच करायची. खाच कडीच्या मापापेक्षा तीनेक थाऊ लहान ठेवायची. फार खोल गेलात तर बिडामागे पाणी आहे, म्हणजे कूलिंगचं जॅकेट, आणि मग हेड भंगारात. हेड गरम करायचं, कडी बर्फात गार करायची, आणि आकसलेली आहे तोवर एका दमात ठोकायची. ठोकताना आवाज बदलतो. कडी तळाला टेकली की हातोडीचा नाद भरीव येतो, कारागीर त्या आवाजावरच थांबतो. मग 45 अंशात सीट कापणं, ग्राइंडिंग पेस्ट लावून वॉल्व्ह फिरवणं, आणि शेवटी परीक्षा. हेड उलटं ठेवून कोनाड्यात रॉकेल ओततात आणि पोर्टमध्ये बॅटरी मारून बघतात. एक थेंब पाझरला तरी पुन्हा घासा. आमच्या तिसऱ्या वॉल्व्हला पाझरला. पुन्हा घासला.

त्यानंतर शिशाचा विषय आमच्यापुरता संपला. टॅपेट अधूनमधून बघतो, फट जागच्या जागी असते. जगापुरताही तो 2021 मध्ये संपला. शेवटचा देश अल्जीरिया, त्यानं त्या जुलैत विक्री थांबवली. छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये तेवढं शिसं अजून उरलंय.

पण पेट्रोलनं जुन्या गाड्यांना सुखानं बसू द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. आता इथेनॉल, म्हणजे ऊस-धान्यापासून काढून पेट्रोलमध्ये मिसळलेलं अल्कोहोल. पाच टक्के, दहा टक्के करत 2025 मध्ये आपण वीस टक्क्यांवर पोचलो. मूळ मुदत 2030 ची होती. माझं प्रामाणिक मत असं, की अनलेडेडनं आम्हाला जितकं घाबरवलं तितका त्रास दिला नाही, आणि ज्या इथेनॉलला सुरुवातीला कुणी घाबरलं नाही ते त्रास देतंय. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरचे रबरी वायसर, टाकीपासून येणारी नळी, हे सगळं त्या काळच्या रबराचं. ते फुगतं, चिकट होतं, मग तडकतं. आमच्या गाडीची नळी बाहेरून ठणठणीत दिसत होती. कापून बघितली तर आतला थर सोलून निघालेला आणि त्याचे काळे कण फिल्टरमध्ये. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी मिळायला किती वेळ? ते जास्त झालं की पाणी आणि अल्कोहोल मिळून तळाशी वेगळं बसतं. सकाळी पहिल्यांदा कार्बोरेटरमध्ये जातं ते तेच.

हिशेबाचीही गोष्ट आहे. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण 14.7 भाग लागतात, इथेनॉलला 9. वीस टक्के मिश्रणाला मग साडेतेराच्या आसपास. नवीन गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. 1970 च्या दशकातल्या जेटला, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राला, काय कळणार? तो आपलं ठरलेलंच माप सोडतो, मिश्रण लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि गाडी चढाला गचके खाते. आम्ही जेट एक नंबर मोठा घातला, नळ्या व्हायटॉन रबराच्या घातल्या, डायफ्रॅम बदलला. लिटरमागे ऊर्जाच सहा-सात टक्के कमी, त्यामुळे ॲव्हरेज पडला त्याला इलाज नाही.

यात इतिहासानं एक खोडी काढून ठेवलीय. नॉकिंगवर अल्कोहोल हा चांगला उतारा आहे हे मिजलीला शिशाच्या आधी माहीत होतं. 1921 मध्ये त्यानं स्वतः तीस टक्के अल्कोहोलच्या मिश्रणावर गाडी चालवून दाखवली होती. पण शेतातलं धान्य आंबवून कुणीही काढील अशा वस्तूवर कंपनीची मक्तेदारी चालणार नव्हती, शिशाच्या संयुगावर चालणार होती. आपल्याकडे पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी 1948 मध्येच 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' झाला होता. तो रद्द झाला 2000 साली, शिसं गेलं त्याच वर्षी. म्हणजे कायदा गेला आणि मग अल्कोहोल आलं. आपल्याकडे असंच व्हायचं.

शेजारचे तात्या ऊसवाले. त्यांच्यासमोर इथेनॉलला नावं ठेवली की ते पान थुंकून सावकाश विचारतात, "कारखान्याला दोन पैसं त्यातनं सुटत्यात म्हणून आमचं बिल येळेवर येतंय. तुमच्या एका गाडीपायी ते बंद करायचं म्हणता काय?" तसं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की पंपावर जुन्या गाड्यांसाठी एक नोझल बिनइथेनॉलचं ठेवा, इंग्रजांनी अर्धा टक्का ठेवला होता तसं. तात्या म्हणतात, "ठेवत्याल की. पैलं नळीचं बिल दावा, कितीला पडली?" त्यांच्या ट्रॅक्टरशेजारी एक जुनी पेट्रोल जीप उभी असते, तिचीही नळी पाझरायला लागलीय.